विमानाचा पहिला प्रवास : शंकित मनासाठीं चार हिताच्या गोष्टी

आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत आज एखादा तरी मुलगा किंवा मुलगी परदेशीं असते. मुलीला दिवस गेले कीं तिकडून बोलावणें येतें आणि घरांत डिंकाच्या लाडवांची, अळिवाची, बाळंतशोपेची नि मऊ दुपट्यांची तयारी सुरू होते. तिकीट काढलें जातें, पासपोर्ट हातीं येतो. परंतु ज्या माउलीनें जन्मांत विमानांत पाऊल ठेवलें नाहीं, तिच्या मनांत एक धास्ती घर करून बसते. ती उघड बोलून दाखवीत नाहीं. गुडघेदुखी, सासूबाईंचें पथ्य, धाकट्याची परीक्षा अशीं नाना कारणें ती पुढें करते. घरची मंडळी तीं खरीं मानतात किंवा थट्टेवारी नेतात. शेवटीं कोणी तरी म्हणतें, "राहूं द्या, पुढल्या वर्षीं पाहूं." अशा रीतीनें केवळ भीतीपायीं एखादी आजी आपल्या नातवंडाचें पहिलें न्हाऊंमाखूं घालण्याच्या सुखास मुकते, आणि परक्या मुलुखांत एक बाळंतीण आईवांचून राहते. म्हणून या भीतीचा विचार थट्टेनें नव्हे, तर आस्थेनें केला पाहिजे.

नव्या वाहनाचें भय कांहीं आजचें नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, तेव्हां बैलांवांचून धांवणाऱ्या त्या गाडीकडे लोक जितक्या कौतुकानें तितक्याच शंकेनें पाहत होते. समुद्रप्रवासाला तर भयाच्या जोडीला प्रायश्चित्ताचाहि धाक होता. तरीहि १८८३ सालीं अवघ्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीनें निघून जवळजवळ दोन महिन्यांनीं अमेरिकेस पोंचल्या. आज मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान पंधरा-सोळा तासांत पोंचतें. अंतर तेंच आहे. तें कापण्याचें साधन तेवढें बदललें.

वेदान्तांतील रज्जुसर्पाचा दृष्टांत आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. अंधारांत पडलेली दोरी साप भासते. दिवा आणला कीं दोरी दोरीच ठरते. विमानांत वाटणाऱ्या भीतीचा बराचसा भाग असाच असतो. प्रत्येक आवाज आणि प्रत्येक धक्का अपरिचित, म्हणून मन त्याचा अर्थ अपघात असा लावतें. यास्तव दिवा आणण्याचें काम प्रथम करूं.

खरा धोका किती?

अपघात होतच नाहींत असें सांगून कोणाची समजूत घालूं नये. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादहून लंडनकडे निघालेलें विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलें, आणि त्यांतील २४२ जणांपैकीं २४१ जणांचा अंत झाला. ज्यांनीं तीं चित्रें पाहिलीं, त्यांच्या मनांतून तीं सहजासहजीं जाणार नाहींत. परंतु अशा घटनेची वार्ता जगभर होते ती ती विरळा म्हणूनच. जगांत दरसाल चार अब्जांहून अधिक वेळां माणूस विमानांत चढतो आणि सुखरूप उतरतो, याची वार्ता कोणी देत नाहीं. उलट, आपल्या देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. तरी मोटारींत बसतांना आपल्या छातींत धडधड होत नाहीं. परिचयानें भय जातें. धोका मात्र परिचयानें कमी होत नाहीं, हें यावरून दिसून येईल.

"इंजिन बंद पडलें तर?" हा प्रश्न सर्वांच्या मनांत असतो. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला एका इंजिनावरहि उडतां आणि उतरतां आलें पाहिजे, असा दंडकच आहे. दोन्हीं बंद पडणें फारच क्वचित्. आणि तसें झालें तरी उंचावरील विमान दगडासारखें खालीं पडत नाहीं, घारीप्रमाणें तरंगत येतें. २४ ऑगस्ट २००१ रोजीं टोरोंटोहून लिस्बनला जाणाऱ्या विमानाचें इंधन गळून दोन्हीं इंजिनें अटलांटिक महासागरावर बंद पडलीं. वैमानिकांनीं तें सुमारें १२० किलोमीटर तरंगत नेऊन अझोर बेटांवर उतरविलें. आंतील ३०६ जणांपैकीं एकहि दगावला नाहीं. पंख वाकतांना पाहून जीव घाबरा होतो खरा. पण ते लवतात म्हणूनच टिकतात. विमानाच्या आयुष्यांत येऊं शकेल अशा मोठ्यांत मोठ्या भाराच्या दीडपट भार ते सोसतात कीं नाहीं, हें आधीं कसोटीला लावून पाहिलेलें असतें.

निघण्यापूर्वीं

अर्धी भीति घाईंतून जन्मते. परदेशच्या प्रवासाला तीन तास आधीं आणि देशांतल्या प्रवासाला दोन तास आधीं विमानतळावर पोंचावें. मोठ्या विमानतळावर चालणें पुष्कळ पडतें. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांच्यासाठीं तिकीट काढतांनाच चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. यांत कमीपणा मुळींच नाहीं. शिवाय खुर्ची ढकलणारा मनुष्य तपासणीच्या सर्व ठिकाणीं सोबत राहतो, हा एकट्या प्रवाशास मोठाच आधार होतो. शाकाहारी किंवा कांदालसूणविरहित भोजन हवें असल्यास तेंहि निदान एक दिवस आधीं कळवावें.

सामान भरतांना आपल्याकडील कांहीं वस्तूंचा विशेष विचार करावा लागतो. सुरी, कात्री आणि अडकित्ता हातांतल्या पिशवींत चालत नाहींत. त्या वस्तू विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत ठेवाव्या. पूजेच्या डबींतला कापूर आणि काडेपेटी कोठेंच नेऊं नये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याला निरुपद्रवी वाटतात. परंतु तेलामुळें आपोआप तापून पेट घेण्याजोग्या मालांत त्यांची गणना होते, म्हणून त्या घरींच ठेवाव्या. लोणचें, तूप आणि मध घट्ट बंद करून मोठ्या पेटींत घालावें. उलट, मोबाईलसाठीं नेलेली पॉवर बँक मोठ्या पेटींत मुळींच ठेवूं नये. ती हातांतल्या पिशवींतच हवी. रोजचीं औषधें आणि वैद्यांची चिठ्ठीहि हाताशींच असावी. ज्या देशीं जावयाचें तेथें कोणते खाद्यपदार्थ नेतां येतात हें आधीं विचारावें, आणि तेथील अधिकाऱ्यानें विचारल्यास कांहीं लपवूं नये. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनीं अगर हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून निघूं नये.

जागा निवडतां आल्यास पंखांजवळची घ्यावी. तराजूच्या दांडीचीं टोकें खालींवर होतात, पण मध्य फारसा हलत नाहीं. विमानाचेंहि तसेंच आहे. शक्य असेल तर पहांटेचें किंवा सकाळचें विमान पसंत करावें. दुपारीं तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट वर चढतात, त्यांमुळें खालच्या थरांत हेलकावे अधिक बसतात.

आवाजांची ओळख

विमान सुटण्यापूर्वीं पायांखालून करवत चालविल्यासारखा किंवा कुत्रें भुंकल्यासारखा आवाज कांहीं विमानांत ऐकूं येतो. तो चाकें नि पंखांचे भाग हलविणाऱ्या यंत्रणेंतील पंपाचा असतो. मुंबईच्या पावसाळी हवेंत छतालगतच्या फटींतून पांढरा धूर निघतांना दिसतो. तो धूर नव्हे, थंड हवा लागून दमट हवेचें झालेलें धुकें होय.

धांवपट्टीवर इंजिनें एकदम गर्जतात, पाठ आसनाला दाबली जाते, आणि साधारण अर्ध्यापाऊण मिनिटांत जमीन सुटते. लगेच खालून धाडदिशीं आवाज येतो. हीं चाकें पोटांत घेतलीं आणि दारें लागलीं. यानंतर थोड्याच वेळांत इंजिनांचा आवाज एकाएकीं उतरतो, आणि विमान खालीं जात आहे असा भास होतो. नवख्या माणसाला याच क्षणीं दरदरून घाम फुटतो. वस्तुतः उड्डाणाला लागलेला सगळा जोर आतां नको असतो, म्हणून वैमानिक तो कमी करतो. विमान वरच चढत असतें. मधून मधून "टिंग" असा नाद होतो, तो सेवकवर्गाला बोलावण्यासाठीं किंवा पट्ट्याच्या दिव्यासाठीं.

उतरतांना पंखांवरील फळ्या उभ्या राहतात आणि विमान थरथरतें. तो एक प्रकारचा लगाम समजावा. चाकें बाहेर आलीं कीं पुन्हां धडधड होते. जमिनीला टेकतांच इंजिनें फिरून मोठ्यानें ओरडतात, तीं पुढें जाण्यासाठीं नव्हे, वेग आंवरण्यासाठीं. एवढें ज्यानें एकदां लक्षपूर्वक वाचलें, त्याला हा प्रवास ओळखीच्या रस्त्यासारखा वाटेल.

हेलकावे, कान आणि श्वास

आकाशांत हवेचे खड्डे असतात, हा समज खोटा आहे. नदीच्या पाण्यांत जसे भोंवरे नि लाटा असतात, तसे हवेंतहि असतात; त्यांवरून नाव जाते तसें विमान जातें. अशानें विमान मोडेल ही धास्ती नको. खरा धोका पट्टा न बांधलेल्या माणसाला असतो. २१ मे २०२४ रोजीं लंडनहून सिंगापूरला जाणारें विमान जोराच्या हेलकाव्यांत सांपडलें. तें कोसळलें नाहीं, बँकॉकला सुखरूप उतरलें. परंतु पट्टा न लावलेले प्रवासी छतावर आदळून अनेक जण जखमी झाले, आणि एका वृद्ध प्रवाशाचा अंत झाला. म्हणून दिवा विझलेला असला तरी आसनावर पट्टा सैलसर बांधलेलाच ठेवावा. पदराखालीं किंवा शालीखालीं नव्हे, वरून बांधावा. म्हणजे झोंपलेल्या प्रवाशाला त्यासाठीं उठवावें लागत नाहीं.

विमान अकरा किलोमीटर उंचीवर असलें, तरी आंतील हवेचा दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा ठेवलेला असतो. म्हणजे उटकमंडाहून थोडेंच अधिक. दाब बदलतांना कान बंद होतात. आंवळा सुपारी चघळावी, आवंढा गिळावा, जांभई द्यावी. तेवढ्यानें न सुटल्यास नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा दाबावी. उतरतांना तान्ह्या मुलाला अंगावर पाजावें. दाब कमी झाल्यानें चिवड्याची बंद पिशवी फुगते, तसेंच पोटहि. म्हणून आदल्या जेवणांत पावटे, वाटाणे, हरभऱ्याची उसळ टाळावी. हवा फार कोरडी असते. पाणी वारंवार प्यावें. लांबच्या प्रवासांत पायांत रक्त सांखळूं नये म्हणून घोटे फिरवावे आणि विमान स्थिर असतां दर तासा-दोन तासांनीं चार पावलें चालावें. झोंपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानें घेऊं नयेत.

भीतीचा उमाळा आलाच तर श्वास घेण्यापेक्षां सोडण्याकडे लक्ष द्यावें. चार अंक मोजून घ्यावा, सहा मोजून सोडावा. ज्यांना एखादें स्तोत्र मुखोद्गत आहे, त्यांनीं तें मनांत संथपणें म्हणावें. श्वास आपोआप लांबतो. सेविकेला "माझा हा पहिलाच प्रवास आहे" असें निःसंकोचपणें सांगावें.

सुरुवातीस सेवक ज्या सूचना देतात, त्या अवश्य ऐकाव्या, आणि सर्वांत जवळचें दार किती ओळींवर आहे हें मोजून ठेवावें. २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारें प्रवासी विमान दुसऱ्या लहान विमानावर आदळून पेटलें. लहान विमानांतील पांच जण मृत्यु पावले. परंतु पेटलेल्या प्रवासी विमानांतील सर्व ३७९ माणसें जिवंत बाहेर पडलीं. त्यांनीं सामानाला हात न लावतां सेवकांचा शब्द पाळला होता. यावरून घेण्याजोगा बोध उघड आहे.

घरच्यांचें कर्तव्य

वरील सर्व माहिती घरांतील एकानें वाचून, भिणाऱ्या माणसाला शांतपणें समजावून सांगावी. "एवढ्यानें काय घाबरतां, लहान मुलें जातात!" हें वाक्य मात्र कटाक्षानें टाळावें. त्यानें भीति जात नाहीं, फक्त ती बोलून दाखविण्याची सोय जाते. परदेशचा प्रवास ठरला असल्यास त्यापूर्वीं मुंबई-नागपूर किंवा पुणें-दिल्ली असा लहानसा विमानप्रवास कोणाच्या तरी सोबतीनें घडवावा. तास-दोन तासांत सगळे आवाज एकदां कानांवरून जातात. मग पुढचा मोठा प्रवास लांबचा असला तरी अनोळखी राहत नाहीं.

आणि इतकें करूनहि एखाद्यानें "मला जमणार नाहीं" म्हटलें, तर रागावूं नये. कांहीं दिवसांनीं पुन्हां विचारावें. कित्येकांचें धैर्य दुसऱ्यांदां विचारण्याची वाट पाहत असतें.