साखरेची खातेवही

कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे, हे गादीवर बसणाऱ्या माणसाला तोंडपाठ असते. रक्तात साखर किती, हे विचारले की तो डॉक्टरांचा कागद शोधू लागतो. आम्हीही त्यातलेच. कापडाच्या धंद्यात ३० वर्षे गेली, त्यांतली ११ मधुमेहाबरोबर.

रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचे, मीटरवर ११५-१२० दिसले की खूश होऊन दुकान उघडायचे. मग डॉक्टरांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करायला लावली. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांतल्या साखरेवरून मागची सरासरी कळते. पुष्कळ रुग्णांना ती ७ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. आमची ९.१ निघाली. सकाळचा गल्ला बरोबर आणि तिमाहीला तोटा, मग गळती कुठे?

ती सेन्सरने दाखवली. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवतात, तिची बारीक तार कातडीखाली राहते आणि १४ दिवस रात्रंदिवस आकडे मोबाइलवर येतात. आमचा आलेख ११ वाजता चढायचा, तो दुकान बंद होईपर्यंत उतरायचाच नाही. कारण चहा. गिऱ्हाईक आले की चहा, दलाल आला की चहा, आणि पाहुण्याला एकट्याला पाजणे बरे दिसत नाही म्हणून अर्धा कप आपल्यालाही. असे आठ-नऊ अर्धे कप आम्ही कधी मोजलेच नव्हते! आता आमचा चहा बिनसाखरेचा येतो. पुढच्या तपासणीत आकडा ७.६ आला. औषधही बदलले होते, सगळे श्रेय चहाला देत नाही.

सेन्सर महाग; बारा महिने परवडत नाही. डॉक्टरांना विचारून रमजानपूर्वी एकदा लावतो. एरवी मीटर पुरतो, पण वेळ बदलून: कधी जेवणानंतर दोन तासांनी, कधी झोपताना. आणि हात धुऊन. एकदा इफ्तारला खजूर खाल्लेल्या बोटानेच तपासले, २९० पाहून घाबरलो. हात धुऊन टोचले तर १८४.

सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून काही मिनिटे मागे असतो. घाम सुटला, हात कापू लागले आणि मोबाइल ‘ठीक’ म्हणत असला, तरी बोट टोचावे. त्याने रोजा तुटत नाही, असे उलेमाही सांगतात. साखर ७० च्या खाली असली तर रोजा सोडून लगेच साखर घ्यावी, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. ईदच्या गर्दीत दुपारी नेमके हेच विसरायला होते. आम्ही गल्ल्याशेजारी ग्लुकोजचा पुडा ठेवतो, आणि तो कुठे आहे हे दुकानातल्या पोरांना दाखवून ठेवले आहे.