कल्याणचा बिशप आणि तैग्रिसकाठची राजधानी

आरंभीच्या ख्रिस्ती धर्माची राजधानी म्हटली की रोम किंवा कॉन्स्टँटिनोपल ही नावे पुढे येतात. कोकणच्या इतिहासापुरती ती उपयोगी पडत नाहीत. येथील प्राचीन ख्रिस्ती समाजाचा मागोवा घेणाऱ्यास तैग्रिस नदीकाठच्या सेल्यूकिया-क्टेसिफोन या सासानी राजधानीकडे वळावे लागते.

अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने इ. स. ५५० च्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिलेल्या ग्रंथात म्हटले आहे की, 'कल्लिआना' येथे इराणात अभिषिक्त झालेला बिशप असतो. हे कल्लिआना कोणते? काहींनी ते कोल्लम मानले, काहींनी उडुपीजवळचे कल्याणपूर. नामसाम्य हा संशोधकाला हमखास भुलविणारा पुरावा होय. कल्याण नावाची गावे थोडी नाहीत. परंतु कॉस्मसनेच दिलेला बंदरांचा क्रम अधिक बोलका आहे: सिंधू, ओर्रोथा म्हणजे बहुधा सौराष्ट्र, कल्लिआना, सिबोर आणि त्यानंतर मिऱ्यांचा मलबार. सिबोर म्हणजे चौल हे मत ग्राह्य धरल्यास, त्याच्या उत्तरेचे कल्लिआना ठाणे जिल्ह्यातील कल्याणच ठरते. कान्हेरीच्या प्राकृत लेखांत ज्या नगरीचे दाते आढळतात, तीच ही नगरी.

मग अभिषेक इराणात का? याचे कारण राजकीय आहे. रोमचा सम्राट ख्रिस्ती झाल्यावर इराणातील ख्रिस्ती प्रजा शत्रुपक्षाची मानली जाऊ लागली. दुसऱ्या शापूरच्या काळात तिचा छळही झाला. पुढे पहिल्या यज्दगर्दच्या संमतीने ४१० मध्ये राजधानीत धर्मसभा भरली आणि तेथील बिशपास सर्वश्रेष्ठ स्थान मिळाले. ४२४ च्या सभेने पश्चिमेकडील बिशपांकडे दाद मागण्याची वाटही बंद केली. राजनिष्ठेच्या संशयातून सुटण्याचा हा मार्ग होता. कॉस्मसला या व्यवस्थेची जवळून माहिती असावी, कारण ज्याच्याकडून आपण ज्ञान घेतले असे तो सांगतो, तो पात्रिकिओस म्हणजेच मार आबा, ५४० मध्ये या धर्मसंघाचा प्रमुख झाला.

तथापि राजधानीचा हात कोकणापर्यंत थेट पोहोचत होता असे मानणे धाडसाचे होईल. सातव्या शतकाच्या मध्यास धर्मप्रमुख तिसरा इशोयाब फार्स प्रांतातील रेव-अर्दशीरच्या महाबिशपास पत्रातून बजावतो की, त्याच्या बंडखोरीमुळे हिंदुस्थान बिशपांना मुकला आहे. अर्थात दुवा फार्सचा होता. भाषेची साक्षही तीच आहे. केरळातील, चेन्नईजवळच्या सेंट थॉमस टेकडीवरील आणि २००१ मध्ये गोव्यात आगशी येथे सापडलेल्या क्रुसांवरील लेख या धर्मसंघाच्या सुरयानी या धर्मभाषेत नसून पहलवीत आहेत. आणि पहलवी ही फार्सची भाषा.