लघुप्रतिकृतींचे धातुसामान
वास्तू, वाहन, यंत्र इत्यादींच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृतींवर बसविण्यात येणारे खिळे, फुल्या, सुळे, कड्या, कोयंडे, साखळ्या, बिजागऱ्या, पट्ट्या इ. धातूचे बारीक भाग. आगगाड्या व जहाजे यांच्या प्रतिकृतींसाठी असे भाग यूरोप-अमेरिकेत तयार मिळतात. आगगाड्यांच्या प्रतिकृतींचे १:८७ हे प्रमाण तर जगभर रूढ आहे. किल्ले व वाडे यांच्या प्रतिकृतींसाठी मात्र हे सामान बहुतांशी घडवूनच घ्यावे लागते.

पुणे जिल्ह्यात दिवाळीला मुले दगडमातीचे किल्ले करतात. त्यांत मापाचे बंधन नसते. अभ्यास, संग्रहालय किंवा जतनकार्य यांसाठी केलेल्या प्रतिकृतीत दरवाजा हा कसोटीचा भाग ठरतो. तटाचा एखादा चिरा थोडा लहानमोठा झाला, तरी चालते; परंतु दरवाजाची कडी प्रमाणाबाहेर जाड झाली, तर सबंध दरवाजा लहान भासतो. शिवाय दरवाजा कसा फिरे, कसा बंद होई व कोणता आघात सोसण्यासाठी तो घडविलेला होता, हे त्याच्या लोखंडी सामानावरूनच कळते.

मूळ पुरावा : जुन्नर तालुक्यातील शिवनेरी, चावंड, हडसर व जीवधन हे किल्ले या दृष्टीने बोधप्रद आहेत. शिवनेरीच्या मुख्य वाटेवर एकामागून एक सात दरवाजे आहेत. हडसरचा दरवाजा कातळात कोरलेला आहे. १८१८ मध्ये हे किल्ले ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. पुढे चावंडसारख्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंगांनी उडविण्यात आल्या. दगडी चौकटी टिकल्या, तरी अशा किल्ल्यांवरील जुनी लाकडी कवाडे व त्यांवरील लोखंड बहुतेक ठिकाणी नाहीसे झाले. त्यामुळे प्रतिकृतिकाराला सामानाची मापे दगडातील खुणांवरून काढावी लागतात.

उंबरठ्यालगतचा व वरचा गोल खळगा कवाडाच्या खुंटाचा व्यास सांगतो. असे खळगे असतील, तर कवाड खुंटावर फिरत होते आणि त्याला पट्टीच्या बिजागऱ्यांची गरज नव्हती, हे निश्चित होते. अशा कवाडावर बिजागऱ्या दाखविणे ही प्रतिकृतींत नेहमी आढळणारी चूक होय. भिंतीतील चौकोनी भोकावरून अडसराची जाडी समजते. अडसर पूर्णपणे भिंतीत सरकविण्याची सोय असल्यास भोकाच्या खोलीवरून त्याची लांबीही अजमावता येते. बंद कवाड ज्या दगडी खाचेला टेकते, ती खाच व अडसराचे भोक यांमधील अंतर म्हणजे कवाडाच्या एकूण जाडीची कमाल मर्यादा. या जाडीवरून खिळ्यांची लांबी ठरते, कारण खिळा फळी व मागील आडवा वासा यांतून आरपार जाऊन मागे वळविलेला असे.

जेथे खुणा अपुऱ्या पडतात, तेथे टिकलेल्या उदाहरणांचा आधार घेतात. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक कवाडावर ९ × ८ अशा मांडणीत ७२ सुळे असून त्यांची लांबी सु. ३० सेंमी. आहे. घरगुती कड्या, कोयंडे व साखळ्या यांसाठी जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर यांसारख्या गावांतील जुन्या घरांची दारे अधिक जवळची ठरतात. अशी दारे जागेवर असतानाच मोजणे श्रेयस्कर, कारण गावेही कायम राहत नाहीत. आंबेगाव तालुक्याला ज्याचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले आहे. मोजणीसाठी फीत, कागदावर घेतलेला ठसा व मोजपट्टीसह काढलेले छायाचित्र पुरेसे असते. संरक्षित स्मारकाचा कोणताही भाग काढणे किंवा खरवडणे अर्थातच निषिद्ध आहे.

प्रमाण व जाडी : १:५० या प्रमाणात ३० सेंमी. लांबीचा सुळा ६ मिमी., ६ सेंमी. व्यासाची फुली १.२ मिमी., १२ मिमी. जाड सळईची कडी ०.२४ मिमी. जाड तारेची आणि ६ मिमी. जाडीची लोखंडी पट्टी ०.१२ मिमी. पत्र्याची, म्हणजे जवळजवळ कागदाएवढी, होते. लांबी १/५० झाली की क्षेत्रफळ १/२,५०० व घनफळ १/१,२५,००० होते. वजन बळापेक्षा झपाट्याने घटत असल्याने प्रतिकृतीतील खिळ्यांवर कवाडाचा भार असा पडतच नाही. म्हणून सामान वरून चिकटविले तरी चालते व कवाड आत दडविलेल्या तारेवर फिरविता येते. मात्र बोटांचे बळ प्रमाणात घटत नाही. सुळे हाताळताना वाकतात ते यामुळेच. कडी उघडझाप करणारी हवी असेल, तर १:२० किंवा त्याहून मोठे प्रमाण सोयीचे पडते.

साहित्य व कृती : टाचणीचा माथा सु. १.५ ते २ मिमी. व्यासाचा असतो, १:५० प्रमाणात तो ७.५ ते १० सेंमी. व्यासाच्या फुलीच्या जागी चालतो. जळालेल्या विद्युत् चलित्राच्या वेटोळ्यातील तांब्याची तार लाखेचा थर खरवडून वापरतात. हवी ती जाडी न मिळाल्यास सोनार तार जंतरातून, म्हणजे क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढून देतो. ओढल्याने तार कठीण होते. ती लाल होईपर्यंत तापविली की पुन्हा मऊ पडते. कड्यांसाठी ती गोल सळईवर गुंडाळून, एका रेषेत कापून, टोके टाकणखार व झाळ लावून जोडतात.

सुळ्यांसारखे अनेक एकसारखे भाग करताना पितळी तार सामत्यात फिरवीत कानशीने टोक काढतात व साच्यात ठेवून एकाच लांबीवर कापतात. किंवा एक सुळा काळजीपूर्वक घडवून त्यावरून सिलिकोन रबराचा साचा करतात व त्यात कथिलाची सुलभ वितळणारी मिश्रधातू ओततात. नक्षीदार पट्ट्यांसाठी पितळी पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन आकृती उमटवितात आणि उघडा भाग फेरिक क्लोराइडाने खाववितात. विद्युत् मंडलांच्या मुद्रित पट्ट्याही याच पद्धतीने करतात. अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने रेझिनाचे भागही करतात. परंतु फार बारीक कड्या व साखळ्या रेझिनात ठिसूळ होतात आणि त्यांना धातूच योग्य ठरतो.

अंतिम संस्करण : चकाकी प्रमाणात लहान होत नाही, म्हणून लोखंड दाखविण्यासाठी तकाकीविरहित काळसर रंग देतात. तांब्याचे भाग पोटॅशियम सल्फाइडाच्या विद्रावाने काळे करता येतात. गंज दाखवायचा झाल्यास तपकिरी रंगाचा पातळ हात खिळ्यांच्या खालच्या बाजूला, पाणी ओघळते त्या दिशेने देतात.

नोंद : प्रत्येक प्रतिकृतीबरोबर सामानाची यादी असावी व तीत प्रत्यक्ष मोजलेले, दगडातील खुणांवरून काढलेले आणि अन्य वास्तूंवरून घेतलेले भाग वेगळे दाखवावेत. अलीकडच्या काळात अनेक किल्ल्यांना नवे लाकडी दरवाजे बसविण्यात आले आहेत. शिवनेरीसह बारा किल्ल्यांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने अशा कामांतील अचूकतेला अधिकच महत्त्व आले आहे. प्रतिकृती समोर ठेवून दरवाजा घडविला, तर तीवरील निराधार बिजागरी पूर्ण आकारात उतरते आणि काही वर्षांनी तीच जुनी म्हणून मोजली जाते.