युद्धाची किंमत कोणी मोजायची?

सीमेवर तणाव वाढला की अमरावती-अकोल्यातल्या आपल्या मोबाइलवर देशभक्तीच्या स्टेटसचा पूर येतो. पण पहाटे चार वाजता गावाबाहेरच्या रस्त्यावर सैन्यभरतीसाठी धावणारी पोरं कोणाची असतात? बहुतेक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. युद्ध हवं म्हणणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा, हे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

आपल्या समाजाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. १८९०च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या धोरणाने इंग्रजांनी महारांसाठी सैन्याचे दरवाजे बंद केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडलीही. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेबांनी आपल्यासाठी सूट मागितली नव्हती. बरोबरीचा वाटा मागितला होता.

हेच तत्त्व संविधानात आहे. अनुच्छेद २३(२) नुसार राज्य सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावू शकतं. मात्र ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करता येत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क आला. देशाचं रक्षण करणं आणि आवाहन झाल्यावर राष्ट्रसेवा बजावणं हे त्यात प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. ‘प्रत्येक’ या शब्दातून कोणीही सुटत नाही.

मग युद्धालाच विरोध असेल तर? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघ करतो. वीस ते पन्नास वयाच्या सर्व शाक्यांनी शस्त्र धरावं, असा प्रस्ताव येतो. सिद्धार्थ भर सभेत नकार देतो. पण पळ काढत नाही. शिक्षा कुटुंबाला नको, मला द्या, असं सांगून तो परिव्रज्या घेतो. म्हणजे विरोध करणाऱ्यानेही किंमत स्वतःच मोजली. घरी बसून ‘युद्ध करा’ म्हणणाऱ्याला हा प्रसंग आरसा दाखवतो.

आज हा प्रश्न आपल्या दारात आहे. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. सेवा चार वर्षांची, जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीच्यांना एकरकमी निधी मिळणार, पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तरुण अग्निवीराला सियाचीनमध्ये वीरमरण आलं. अशा घराचं दुःख दोन दिवसांच्या बॅनरने वाटून घेता येत नाही.

म्हणून मित्रांनो, आमचं सांगणं साधं आहे. ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांना अभिवादन करतो. दुसराच दिवस, ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या निधीला हातभार लावा. आपल्या वस्तीतल्या माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या घरी जा. त्यांचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अडले असतील तर सोबत चला. चार वर्षांनी परतणाऱ्या पोरांच्या रोजगाराचा प्रश्न लावून धरा. आणि युद्धाची मागणी करण्याआधी स्वतःला विचारा, यात माझा वाटा कोणता?

जय भीम! जय संविधान!