घरची जुनी मोटार : ठेवावी कीं काढावी ?

नागपुरांत ज्या घरांतून अद्याप दोन-तीन भावांचे संसार एका छपराखालीं नांदत आहेत, त्यांपैकीं पुष्कळ घरांच्या अंगणांत दहा-पंधरा वर्षें वयाची एखादी उंच, भारदस्त मोटार उभी असलेली दिसते. कोठें ती स्कॉर्पिओ असते, कोठें बोलेरो, कोठें सफारी, तर कोठें जुनी सूमो. हल्लींच्या भाषेंत हिला एस्. यू. व्ही. म्हणतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सात-आठ माणसें, त्यांचें सामान व फराळाचे डबे एका खेपेंत नेणारी ही गाडी एकत्र कुटुंबास सोयीची, यांत शंका नाहीं. माहूरला रेणुकेच्या दर्शनास जाणें असो, रामटेकची यात्रा असो कीं चिखलदऱ्याची सहल असो, हिच्यावांचून घराचें पान हालत नाहीं. परंतु गाडीचें वय वाढूं लागलें, कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “दारीं हत्ती बांधून काय करायचें ? ही काढून टाका.” दुसरा म्हणतो, “जुनें तें सोनें !” दोहोंपैकीं एकाच्याही हातीं हिशेबाची वही नसते. ती वही कशी मांडावी आणि तिच्यावरून निर्णय कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गाडीचा वंश

जुनी मोटार भरंवशाची आहे कीं नाहीं, हें तिच्या वयापेक्षां तिच्या वंशावर अधिक अवलंबून असतें. वंश म्हणजे ती ज्या कुळांतली, तें कूळ आज बाजारांत नांदतें आहे कीं नाहीं, हा प्रश्न होय. बोलेरो २००० साली व स्कॉर्पिओ २००२ साली निघाली. दोन्ही महिंद्रांच्या, आणि दोहोंची परंपरा बाजारांत अखंड चालत आल्यामुळें त्यांचे सुटे भाग व ते बसविणारे मिस्त्री लहान गांवींही सांपडतात. टाटांची सूमो १९९४ सालची. टेल्कोचे सुमंत मूळगांवकर यांचें नांव व आडनांव यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचें नांव ठेविलें गेलें, ही गोष्ट मराठी माणसास अभिमानाची आहे. तिचें उत्पादन २०१९ साली थांबलें. तथापि अशा गाड्या इतक्या संख्येनें रस्त्यावर आल्या होत्या, कीं त्यांची विद्या जाणणारे हात अद्याप शिल्लक आहेत.

ज्या कंपन्यांनीं येथील दुकान आवरलें, त्यांच्या गाड्यांची गोष्ट निराळी. शेव्हरलेची टॅव्हेरा विकणाऱ्या जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस भारतांतील विक्री बंद केली. फोर्डनें सप्टेंबर २०२१ मध्यें येथील उत्पादन थांबविण्याचें जाहीर केलें. अशी गाडी यंत्राच्या दृष्टीनें कितीही उत्तम असली, तरी एखाद्या लहानशा भागासाठीं ती महिनाभर गॅरेजमध्यें पडून राहूं शकते. म्हणून स्वस्तांत मिळते एवढ्यावरून ती घेण्याचा मोह आवरावा, असें आम्हांस वाटतें.

यंत्राच्या जातीचाही विचार हवा. जुन्या धाटणीच्या साध्या डिझेल इंजिनास रस्त्याकडेचा मिस्त्री हातोडी-पान्यानें वठणीवर आणूं शकतो. पुढें आलेल्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत फार मोठ्या दाबानें इंधन फवारलें जातें. त्यांचे इंजेक्टर व पंप नाजूक व महाग. डिझेलमध्यें पाणी किंवा कचरा असला कीं प्रथम तेच बिघडतात. येथें डिझेल-फिल्टर वेळच्या वेळीं बदलणें ही चैन नसून विम्याइतकीच आवश्यक गोष्ट आहे.

नागपूरचा उन्हाळा

मोटारीची खरी परीक्षा आपल्याकडे वैशाखांत होते. मे २०१३ मध्यें नागपुरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ अंश तर आपल्या अंगवळणींच पडले आहेत. अशा उन्हांत रबर वाळतें, नळ्यांना चिरा पडतात आणि बॅटरीचें आयुष्य झपाट्यानें घटतें. मुंबई-कोंकणांतील गाडीस गंजाचें भय अधिक. आपल्या कोरड्या हवेंत गंज कमी लागतो. पण उष्णता ती उणीव भरून काढते.

बहुतेक मोठ्या खर्चांचा उगम एखाद्या क्षुल्लक कामांत असतो, हें येथें सहज दाखवितां येईल. रेडिएटरला जोडलेली रबरी नळी जुनी झाली आहे, असें मिस्त्री फाल्गुनांत सांगतो. आपण म्हणतों, “पुढच्या सर्व्हिसिंगला पाहूं.” चैत्रांत ती फुटते व कूलंट वाहून जातें. आणखी दोनच मैल आहेत, म्हणून गाडी तशीच दामटली जाते. इंजिन तापून त्याचें हेड वांकतें, गॅस्केट जळतें, आणि कांहीं शेंकड्यांचें काम कांहीं हजारांच्या घरांत जाऊन बसतें. मग घरांत म्हटलें जातें, “गाडी जुनी झाली, आतां खर्च काढूं लागली.” वास्तविक हा खर्च वयाचा नसून टाळाटाळीचा असतो. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो, तेथें ही टाळाटाळ याहूनही महाग पडते. कारण बेल्ट तुटल्यास पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून सारें इंजिनच उघडावें लागतें.

टायरचा प्रश्न तर पैशांपलीकडचा आहे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला व जून २०२५ मध्यें ७०१ किलोमीटरांचा सर्व रस्ता पूर्ण झाला. या सरळ कॉंक्रीटच्या रस्त्यावर मोटार तासन् तास एकाच वेगानें धांवते. टायरमध्यें हवा कमी असली, तर त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यास दबते, तिच्यांत उष्णता सांठते, आणि जुनें, कडक झालेलें रबर तें सहन न होऊन फुटतें. घरची गाडी बहुधा कमी चालते. त्यामुळें टायरची नक्षी शाबूत दिसते व आपण फसतों. टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. ‘२३१९’ असें असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला. पांच वर्षांनंतर दरवर्षीं टायर जाणत्यास दाखवावा, व दहा वर्षांपलीकडे तो नक्षी कशीही असली तरी वापरूं नये. स्टेपनीसही हाच नियम लागू आहे, याचा अनेकांस विसर पडतो.

वहीची मांडणी

आतां हिशेबाकडे वळूं. पुढील आंकडे केवळ नमुन्यादाखल धरले आहेत. प्रत्येकानें आपल्या गाडीप्रमाणें व आपल्या मिस्त्रीच्या दराप्रमाणें ते बदलून घ्यावेत.

समजा, पांच टायरांस चाळीस हजार रुपये पडतात व ते पांच वर्षें टिकतात. म्हणजे वर्षाचे आठ हजार झाले. बॅटरी आठ हजारांची व चार वर्षांची. वर्षाचे दोन हजार. तेल, फिल्टर, ब्रेक व नेहमींची सर्व्हिसिंग यांस पंधरा हजार. क्लच, शॉक ॲब्झॉर्बर, बुश इत्यादि कधीं तरी निघणाऱ्या कामांसाठीं वर्षास दहा हजार बाजूला ठेवावेत. १५०० सी. सी. हून मोठ्या खाजगी मोटारीच्या सक्तीच्या विम्याचा दर जून २०२२ मध्यें ७,८९७ रुपये ठरला. त्यावर कर धरून सुमारें नऊ हजार तीनशें. आणि अकल्पित बिघाडासाठीं पंधरा हजारांची गंगाजळी. एकूण बेरीज ५९,३०० रुपये, म्हणजे महिन्यास जवळ जवळ पांच हजार. इंधन याहून वेगळें.

हा आंकडा पाहून दचकण्याचें कारण नाहीं. पंधरा लाखांची नवी गाडी घेऊन ती पांच वर्षांनीं आठ लाखांस विकली गेली, असें धरलें, तर वर्षाला एक लाख चाळीस हजार रुपये नुसते किंमत उतरण्यांत जातात. कर्जावरचें व्याज त्याहून निराळें. सारांश, नीट राखलेली जुनी गाडी आजही स्वस्त पडूं शकते. परंतु ‘नीट राखलेली’ या दोन शब्दांची किंमत महिना पांच हजार आहे. ती मोजण्याची तयारी नसेल, तर जुन्या गाडीच्या स्वस्ताईची भाषा करूं नये.

वर्ष पंधरावें लागलें कीं सरकारी देणेंही वहींत मांडावें. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें गाडी तपासून घेऊन ती दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. हें शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशें रुपयांवरून पांच हजार झालें, व ऑगस्ट २०२५ च्या नियमांनीं वीस वर्षांवरील गाडीस तें दहा हजार केलें. शिवाय महाराष्ट्रांत पर्यावरण कर आहेच. नागपूरचेच खासदार श्री. नितीन गडकरी यांच्या परिवहन खात्यानें २०२१ साली जुन्या गाड्या मोडींत काढण्याचें धोरण पुढें आणलें, त्या धोरणाशीं हे वाढीव दर सुसंगत आहेत. मात्र दिल्लीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर जसे निर्बंध घातले गेले, तशी सरसकट वयोमर्यादा आपल्या राज्यांत खाजगी मोटारींस घातलेली नाहीं. म्हणून केवळ अफवेवर विसंबून चांगली गाडी मातीमोल विकूं नये.

सामाईक गाडीचा धनी कोण ?

एकत्र कुटुंबांत खरा घोटाळा यंत्राचा नसून धनीपणाचा असतो. विहीर सामाईक असली कीं पाणी सर्वांचें व गाळ कोणाचाच नाहीं, तशीच गाडीची अवस्था होते. थोरल्यानें न्यावी, धाकट्यानें न्यावी, सुनांनीं मुलांना शाळेंत सोडावें. पण आवाज येतो आहे हें ज्यानें ऐकलें, तो दुसऱ्यास सांगत नाहीं. कारण जो सांगेल त्यानेंच गॅरेजमध्यें जावें व बिल भरावें, असा अलिखित प्रघात असतो. मग एके दिवशीं माहूरच्या वाटेवर, भर उन्हांत, म्हातारी माणसें व लेंकरें रस्त्याकडेला उभीं राहतात, आणि जुने हिशेब तेथेंच उकरले जातात. मोटार दुरुस्त होते ; मनें मात्र लवकर होत नाहींत.

यावर उपाय साधा आहे. इंधन ज्यानें वापरलें त्यानें भरावें. देखभालीचा खर्च मात्र सर्व मिळवत्या माणसांनीं दरमहा सारखा द्यावा. घरांत चौघे मिळवते असतील तर वरील हिशेबानें प्रत्येकी साडेबाराशें रुपये पडतात. एक व्यक्ति कारभारी नेमावी. ती पुरुषच असली पाहिजे असें मुळींच नाहीं. गाडींत एक वही ठेवावी व तींत तारीख, किलोमीटर, केलेलें काम आणि जाणवलेला दोष ज्याचा त्यानें लिहावा. दोष लिहिणाऱ्याकडे बिल येणार नाहीं, एवढी खात्री पटली कीं दोष वेळेवर कळूं लागतात.

केव्हां निरोप द्यावा ?

तरीही प्रत्येक गाडीचा एक शेवट असतोच. चासी गंजून पोंखरली असेल, एका वर्षांतील दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली असेल, वेळच्या वेळीं सर्व करूनही ती वर्षांतून दोनदां वाटेंत बंद पडली असेल, किंवा भाग मिळेनासे झाले असतील, तर ममतेस आवर घालून तिला निरोप द्यावा.

याखेरीज एक विचार असा आहे, कीं ज्यावर कोणत्याही मिस्त्रीकडे उपाय नाहीं. नव्या मोटारींत ए. बी. एस्. ब्रेक एप्रिल २०१९ पासून व चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत हीं साधनें नाहींत. कित्येकींत मागें समोरासमोर आडवीं बांकें असून त्यांस पट्टेही नसतात, आणि नेमकीं तेथेंच आपण मुलांना बसवितों. अशी गाडी शहरांत व जवळच्या गांवीं सावकाश वापरण्यास हरकत नाहीं. परंतु समृद्धि महामार्गावर शंभराच्या वेगानें सारें कुटुंब तींतून नेणें आम्हांस मान्य नाहीं. लांबच्या प्रवासास वर्षांतून दोन-तीन वेळां चांगली गाडी भाड्यानें करावी. तो खर्चही त्याच वहींत बसतो.

पाडव्याच्या सुमारास, ऊन तापण्यापूर्वीं, घरांतील मोठ्या माणसांनीं एकदां एकत्र बसावें, टायरांचे आंकडे वाचावेत, नळ्या व पट्टे तपासून घ्यावेत आणि पुढील वर्षाची रक्कम ठरवावी. एवढें करणाऱ्या घरास, गाडी ठेवावी कीं काढावी, हा वाद घालावा लागणार नाहीं. त्याचें उत्तर त्यांच्या वहींत लिहिलेलें सांपडेल.