बाळंतिणीच्या खोलींतलें गणित

मूल जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांचें होईपर्यंत त्यास नवजात म्हणावें, अशी वैद्यकाची परिभाषा आहे. बालपणांत एवढा जोखमीचा काळ दुसरा नाहीं. २०२० च्या सरकारी आंकड्यांप्रमाणें भारतांत दर हजार जिवंत जन्मांमागें २८ बालकें वर्ष पुरें होण्यापूर्वीं दगावत होतीं, व त्यांपैकीं २० पहिल्या महिन्यांतच जात होतीं. महाराष्ट्रांत हा महिन्याचा आंकडा ११ होता. या बालकांस वांचविणारे म्हणून डॉक्टर, परिचारिका, सुईण यांचीं नांवें आपणांस सहज सुचतात. परंतु वांचलीं तीं खरोखर त्या उपायानेंच वांचलीं काय, हें सांगणारा आणखी एक मनुष्य या कामांत असतो. त्यास संख्याशास्त्रज्ञ म्हणतात. तो बाळास हातही लावीत नाहीं; त्याच्यापुढें असतात त्या वह्या, तक्ते आणि आतां संगणक.

अकरा हा आंकडा ऐकावयास सोपा वाटतो. पण तो मिळवावयाचा कसा? वर मृत्यूंची संख्या, खालीं जन्मांची. दोन्ही बिनचूक पाहिजेत. आणि खेड्यांत दोन्ही हातून निसटतात.

मृत्यु निसटतात ते असे. बारशापूर्वीं गेलेल्या बाळास नांव नसतें, आणि ज्यास नांव नाहीं त्याची नोंद करावयास कोण जातो? पाहणी करणाऱ्यानें दारांत उभें राहून "मुलें किती?" म्हणून विचारलें, तर आई हयात असतील तेवढींच सांगते. दुःख परक्यापुढें उकरून काढणें तिला नको असतें, आणि त्यांत तिचा दोष कांहींच नाहीं. म्हणून शहाणा संख्याशास्त्रज्ञ मुलांपासून आरंभ करीतच नाहीं. तो गर्भवती स्त्रियांची यादी आधीं करवितो, आणि त्या यादींतील प्रत्येक गर्भारपणाचा शेवट काय झाला हें पुढें विचारवितो.

जन्म निसटतात ते आपल्या एका गोड चालीमुळें. पहिलें बाळंतपण माहेरीं करावयाचें! देवळी तालुक्यांतील सून हिंगणघाटास माहेरीं गेली; मूल तेथें जन्मलें, आणि सासरीं परत आल्यावर विसाव्या दिवशीं दगावलें. जन्म हिंगणघाटच्या खात्यांत व मृत्यु देवळीच्या खात्यांत पडला, तर दोन्ही तालुक्यांचे आंकडे खोटे ठरतात: एकाचा उगीच चांगला, दुसऱ्याचा उगीच वाईट. यास्तव आईचें नेहमींचें राहण्याचें ठिकाण कोणतें, तें धरून दोन्ही नोंदी तेथेंच करावयाच्या, असा नियम बांधावा लागतो.

तिसरी अडचण याहून नाजूक आहे. जन्मल्यावर बाळ एकदां रडलें आणि मग गेलें, तर तो नवजाताचा मृत्यु होय. रडलेंच नाहीं, श्वास नाहीं, हालचाल नाहीं, तर तो मृतजन्म. एखाद्या गांवीं सेविका उत्साहानें काम करीत असेल आणि पहिल्या तासांत गेलेलीं बाळें तिनें मृतजन्माच्या रकान्यांत लिहिलीं, तर एकही जीव न वांचतां मृत्युदर कमी दिसूं लागतो. म्हणून जाणता हिशेबनीस एका रकान्यानें हुरळून जात नाहीं. शेजारचा रकाना त्याच वेळीं फुगला काय, हें तो आधीं पाहतो. वजनांच्या नोंदींतही अशीच गंमत असते. अडीच किलोहून कमी तें बाळ कमी वजनाचें मानतात. आणि वह्या चाळाव्या तों बरोबर २,५०० ग्रॅमवर बाळांची गर्दी उसळलेली! निसर्ग असा पूर्णांकांत तोलीत नाहीं. तोलणाऱ्याचा डोळा तोलतो.

किती नोंदी सुटल्या हें सुटलेल्या नोंदी न पाहतां कसें कळावें? यावर एक सुंदर युक्ति आहे. ती चंद्रशेखरन् व डेमिंग या दोघांनीं १९४९ सालीं मांडली, आणि ती कसास लावली कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथील नोंदींवर. समजा, गांवच्या नोंदवहींत ८० जन्म आहेत. निराळ्या माणसानें घरोघर फिरून ९० जन्म आणले. ताडून पाहतां दोन्ही यादींत असलेले ७२ निघाले. म्हणजे फिरत्या माणसाच्या ९० पैकीं ७२, अर्थात् शेंकडा ८०, वहीला सांपडले होते. वहीस शेंकडा ८० सांपडतात आणि तिच्यांत ८० आहेत. तेव्हां खरे जन्म १०० असले पाहिजेत. दोन्ही यादी मिळून ९८ च नांवें होतात; उरलेलीं दोन कोणासच दिसलीं नाहींत, तरी गणितास दिसलीं. अट एवढीच कीं, दोघांनीं एकमेकांची वही पाहतां कामा नये. भारत सरकारची नमुना नोंदणी पद्धति १९६९-७० पासून देशभर चालू झाली, ती याच दुहेरी नोंदीच्या पायावर. नमुना पाहणीच्या शास्त्रांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें नांव जगभर घेतलें जातें, हेंही येथें सांगून ठेवावें.

आतां वर्ध्याकडे वळूं. सेवाग्रामास १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांनीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली; तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते. अशा खेड्याची वस्ती एक हजार, वर्षाचे जन्म पंधरा धरा. हजारीं ११ या मानानें तेथें नवजाताचा एक मृत्यु सहा वर्षांत केव्हां तरी घडावयाचा. मग दोन वर्षें एकही बाळ दगावलें नाहीं, म्हणून नव्या उपायाची पाठ थोपटावी काय? उपाय केला नसता तरी बहुधा हेंच दिसलें असतें.

बरें, खेडें सोडून जिल्हा घेतला तर? २०११ च्या खानेसुमारींत वर्धा जिल्ह्याची वस्ती सुमारें १३ लक्ष होती. हजारीं १५ जन्म धरल्यास वर्षाला साडेएकोणीस हजार बालकें होतात. एखाद्या उपायानें मृत्यूचें प्रमाण हजारीं २० वरून १५ वर येतें, हें नेहमींच्या कसोटीनें सिद्ध करावयाचें असेल, तर गणित सांगतें कीं उपाय केलेल्या गटांत सुमारें १०,८०० व न केलेल्या गटांतही तितकींच बालकें हवींत. म्हणजे आठही तालुक्यांतील वर्षभराचीं सारीं बाळें अपुरीं पडलीं! शिवाय एका गांवच्या बाळांची दाई एक, पाणी एक, रीतिरिवाज एक. त्यामुळें तीं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आणि गांवेंच्या गांवें गटांत घातलीं तर हा आंकडा आणखी वाढतो. संशोधकांस हें आधीं न सांगणारा संख्याशास्त्रज्ञ त्यांचे पैसे व वर्षें फुकट घालवितो. आणि त्याहून वाईट म्हणजे, उपयोगी उपाय निरुपयोगी ठरवून बसतो.

वर्ध्यास जन्मलेले व सेवाग्रामच्या नई तालीम शाळेंत शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलींत केलेला प्रयोग या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. ३९ गांवांत खेड्यांतल्याच स्त्रियांना शिकवून तयार केलें. त्या घरीं जाऊन बाळास तोलीत, ऊब देत, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसल्यास औषध व इंजेक्शनही देत. ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. १९९३-९५ मध्यें पहिल्या गटांत हजारीं ६२ नवजात दगावत. १९९७-९८ मध्यें तो आंकडा सुमारें २५ झाला. तुलनेच्या गांवांत ५८ चे ६० च्या आसपास झाले. येथें घट केवळ ६२ मधून २५ वजा करून काढावयाची नसते. दुसरीकडे जी थोडी वाढ झाली तीही जमेस धरावी लागते. तसें करून शेंकडा ६२ घट निघाली व ती १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. रकाना बदलल्याची शंकाही टिकली नाहीं, कारण पुढील वर्षांच्या नोंदींत मृतजन्मही घटलेले दिसले.

एक आक्षेप मात्र रास्त होता: गांवांची वांटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. २००८ सालीं उत्तर प्रदेशांतील शिवगड व बांगलादेशांतील सिल्हेट येथील चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. रीत थोडथोडी निराळी होती. घट एकीकडे शेंकडा ५४ व दुसरीकडे ३४ आली. आंकडे भिन्न, पण दिशा एकच.

२०११ पासून भारत सरकारनें ही गृहभेटींची पद्धति आशा सेविकांकडे सोंपविली. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळास सहा भेटी, घरीं जन्मलेल्यास सात; त्या पुऱ्या झाल्यावर सेविकेस अडीचशें रुपये, असें आरंभीं ठरलें. भेट देणारी तीच, वही लिहिणारी तीच, आणि वही भरल्यावर मोबदला घेणारीही तीच. सेविका प्रामाणिक असली तरी हिशेबाच्या रीतीस हें बरें नव्हे. म्हणून कांहीं घरीं तिची वही न पाहतां दुसऱ्या कोणी जावें, आणि आईस एवढेंच विचारावें कीं, बाळाला तोललें केव्हां, आणि वजन किती सांगितलें.