ट्रॅम्पल: आधी वाटप, मग मार

‘सहाची पॉवर, समोर दोनचा ब्लॉकर, म्हणजे चार आत.’ मॅजिक: द गॅदरिंग शिकवताना ट्रॅम्पल बहुतेक एवढ्या एका वाक्यात उरकलं जातं. बऱ्याच डावांत तेवढ्यावर भागतंही. वाद सुरू होतो तो ब्लॉकर साधासुधा नसतो तेव्हा.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. क्रीचरच्या कार्डावर खाली उजव्या कोपऱ्यात दोन आकडे असतात: पहिला पॉवर, म्हणजे ते किती मारतं, दुसरा टफनेस, म्हणजे किती मार खाऊन मरतं. नेहमीच्या डावात खेळाडूकडे सुरुवातीला 20 लाइफ असतं. तुमच्या क्रीचरने हल्ला केला आणि समोरच्याने आपलं क्रीचर आडवं घातलं, की सगळा मार त्या ब्लॉकरवर जातो आणि खेळाडूच्या केसालाही धक्का लागत नाही. आठच्या पॉवरचा राक्षस 1/1 चं चिल्लर प्यादंसुद्धा एक फेरी रोखून धरू शकतं. ट्रॅम्पल आलं ते यावर तोड म्हणून, तेही 1993 च्या पहिल्याच संचापासून. त्यातलं ‘फोर्स ऑफ नेचर’ हे 8/8 ट्रॅम्पलवालं हिरवं कार्ड दर फेरीला चार हिरवा माना (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा) मागायचं आणि ते दिलं नाही तर मालकालाच आठ डॅमेज द्यायचं. खेळाचा निर्माता रिचर्ड गारफिल्ड कॉम्बिनेटोरिक्समधला पीएचडी. हे सांगण्याचं कारण, ट्रॅम्पलचा नियम हा मुळात गणिताचा नियम आहे. रानटी जनावराच्या ताकदीचं ते वर्णन नव्हे, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

नियमपुस्तकातलं कलम 702.19 सांगतं ते असं: हल्ला करणाऱ्या क्रीचरने आपलं डॅमेज वाटताना प्रत्येक ब्लॉकरला मरण्यापुरतं द्यायचं, मग उरलेलं ज्याच्यावर हल्ला केला त्याला देता येतं. यातला ‘वाटताना’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. नियम फक्त वाटप बघतो. ब्लॉकर खरंच मेला का, याची चौकशी करत नाही.

आता पहिला मोठा गैरसमज घेऊ: ब्लॉकर मरणारच नसेल तर काहीच आत जात नाही. ‘कलॉसल ड्रेडमॉ’ हा 2017 च्या इक्सलान संचातला 6/6 ट्रॅम्पलवाला डायनोसॉर हल्ल्याला आलाय आणि समोर ‘मिरन क्रुसेडर’ उभा आहे, 2/2, हिरव्या आणि काळ्या रंगापासून प्रोटेक्शन असलेला. ड्रेडमॉ हिरवा. त्यामुळे क्रुसेडरवाला निवांत बसतो: हिरव्याचा मार मला लागतच नाही, मग पुढे काय जाणार? जातं, चार. क्रुसेडरच्या नावावर दोन मांडायचे, उरलेले चार खेळाडूला. ते दोन नंतर प्रोटेक्शनमुळे रद्द होतात आणि क्रुसेडर खरोखरच सुखरूप राहतो, पण तोवर हिशोब होऊन गेलेला असतो. अर्थसंकल्पात रस्त्यासाठी निधी मंजूर झाला की वाटप झालं. रस्ता झाला की नाही, हा वेगळा प्रश्न.

‘इनडिस्ट्रक्टिबल’चंही तेच. ‘डार्कस्टील मिर’ 0/1, मारून मरत नाही, म्हणून त्याला कायमची भिंत समजणारे पुष्कळ. त्याच्यापुढे ड्रेडमॉ आला की ती भिंत एका आकड्याची ठरते: एक त्याला, पाच मालकाला.

मरण्यापुरतं म्हणजे किती, हे ठरवताना दोन गोष्टी मात्र धरतात: ब्लॉकरला याच फेरीत आधी लागलेला मार आणि त्याच वेळी दुसरं क्रीचर त्याला देत असलेला मार. ड्रेडमॉला 4/5 ने अडवलं, ब्लॉक जाहीर झाल्यावर तुम्ही त्याच 4/5 वर ‘लाइटनिंग बोल्ट’ मारला. तीन लागले, मरायला दोन उरले. मग ड्रेडमॉने दोनच द्यायचे आणि चार आत. पाच द्यायचे समजून एकच पुढे ढकलणारे खेळाडू स्वतःचे तीन डॅमेज फुकट घालवतात.

बोल्टने ब्लॉकर मेलाच तर? इथे दुसरा गैरसमज, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. अडवलेलं साधं क्रीचर ब्लॉकर नाहीसा झाला तरी अडवलेलंच राहतं. ते खेळाडूला काही करू शकत नाही. म्हणून बचाव करणारे एक जुनी युक्ती वापरतात: ब्लॉक करायचा आणि डॅमेजच्या आधी तोच ब्लॉकर दुसऱ्या कशासाठी तरी बळी द्यायचा. हल्ला वाया, बळीचा फायदा खिशात. समोर ट्रॅम्पल असेल तर हीच युक्ती गळ्याशी येते. देण्यासारखा ब्लॉकरच उरला नाही, म्हणून सहाच्या सहा आत. ब्लॉकर जिवंत ठेवला असता तर निदान त्याच्या टफनेसइतके तरी वाचले असते.

‘डेथटच’शी जोडी जमली की नवखे थेट पंचाला हाक मारतात. डेथटच असलेल्याचं एक डॅमेजही मरण्यापुरतं धरलं जातं. ड्रेडमॉच्या गळ्यात डेथटच देणारा ‘बॅसिलिस्क कॉलर’ घातला आणि समोर बारा टफनेसचा पहाड उभा असला, तरी त्याला एक आणि खेळाडूला पाच. तीन जणांनी मिळून अडवलं तर प्रत्येकी एक आणि आत तीन. ‘यात काहीतरी चूक असणार’ असं प्रत्येकाला एकदा वाटतं. चूक नाही, नियम तसाच आहे.

जुने खेळाडू याउलट भलतंच काहीतरी आठवून भांडतात, आणि त्यांचंही अगदीच खोटं नसतं. 1999 ते 2009 या काळात डॅमेजचं वाटप जाहीर झाल्यावर ते लगेच लागत नसे; मधल्या वेळात ‘जायंट ग्रोथ’ टाकून ब्लॉकरला तीन टफनेस वाढवून वाचवता यायचं आणि आधी झालेलं वाटप बदलत नसे. मॅजिक 2010 च्या नियमांनी ही फट बुजवली. आता वाटप आणि मार यांच्यामध्ये कुणालाच काही खेळता येत नाही. जायंट ग्रोथ टाकायचा तर त्याआधी टाका, मग वाढलेला टफनेस हिशोबात येतो. त्याच नियमांनी आणलेली ब्लॉकरांना रांगेत लावण्याची भानगड 2024 च्या फाउंडेशन्स संचासोबत गेली. ब्लॉकर अनेक असतील तर मार कुणाला किती, हे आता हल्लेखोर मोकळेपणाने ठरवतो. खेळाडूला काही द्यायचं असेल तर मात्र आधी सगळ्या ब्लॉकरांचा वाटा पुरा करावाच लागतो. आणि आत द्यायलाच हवं अशी सक्ती नाही. सगळा मार ब्लॉकरवर ओतायची मुभा आहे.

ट्रॅम्पलवालं क्रीचर स्वतः ब्लॉक करत असेल तर? काही नाही. ही क्षमता फक्त हल्ल्याची. दोन क्रीचरांना झुंजवणाऱ्या ‘फाइट’च्या कार्डांतही ती निद्रिस्त असते, कारण ते लढाईच्या टप्प्यातलं डॅमेज नव्हे. याला कार्डांमधूनच पुरावा मिळतो. 2020 च्या इकोरिया संचातल्या ‘रॅम थ्रू’ या कार्डावर मुद्दाम लिहावं लागलंय की मारणाऱ्या क्रीचरला ट्रॅम्पल असेल तर जादा डॅमेज समोरच्या क्रीचरच्या मालकाला. एरवी तसं होत असतं तर ती ओळ छापलीच नसती.

प्लेन्सवॉकर हे खेळाडूच्या मदतीला असणारं वेगळ्या प्रकारचं कार्ड, आणि लॉयल्टी हे त्याचं आयुष्य; त्याच्यावर हल्ला करतानाही हाच कटाक्ष ठेवायचा. ड्रेडमॉ तीन लॉयल्टीच्या प्लेन्सवॉकरवर गेला आणि 1/1 ने अडवला, तर एक ब्लॉकरला, पाच प्लेन्सवॉकरला. प्लेन्सवॉकर तीनमध्येच संपला म्हणून उरलेले दोन त्याच्या मालकाकडे वाहत जात नाहीत. हल्ला मालकावर नव्हताच. ते दोन मालकापर्यंत पोचवायचे तर त्यासाठी वेगळी क्षमता लागते. 2021 च्या मॉडर्न होरायझन्स 2 मधल्या ‘थ्रास्टा’ या 7/7 डायनोसॉरला ती आहे. तिच्यासाठी त्याच्या कार्डावर ट्रॅम्पलखेरीज वेगळी ओळ खर्ची पडली आहे.